ट्रकमधून न उतरलेला माणूस

"ट्रकमधून तो उतरलाच नाही, बाई."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता कुंपणाबाहेरून हे शब्द आले, तेव्हा एनेरिया कोंबड्यांना दाणे टाकत होती. बाहेर एक उंच, काळी बाई उभी होती. पाय गुडघ्यापर्यंत पांढऱ्या धुळीने माखलेले, डोक्यावरची टोपली अजून डोक्यावरच. बोलावल्याशिवाय आत यायचं नाही, हे हैतीच्या माणसाला सीमेअलीकडच्या ग्वानालमध्ये कुणी शिकवावं लागत नाही.

"कोण उतरला नाही?"

"मेरिलुस. माझा नवरा."

"या नावाचं इथे कुणी नाही गं."

"अकरा वर्षं आहे की. दोन्या लुदोविनाबाईंच्या शेतावर."

"अगं, म्हणजे मुसिए!" एनेरिया म्हणाली, आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. अकरा वर्षं हा माणूस रोज टोपी काढून तिच्या दारावरून गेला होता. गावात सगळ्याच हैतियन पुरुषांना मुसिए म्हणतात, तसं त्यालाही म्हणत. त्याला स्वतःचं नाव असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एनेरिया ग्वानालची अल्काल्देसा, म्हणजे गावची कारभारीण. कुणाची गाय कुणाच्या मक्यात शिरली, कुणी कुणावर कोयता उगारला, सगळं तिच्या ओट्यावर येऊन मिटायचं. वय त्रेसष्ट, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र ठणठणीत.

"मुसिएला मंगळवारी सगळ्या बिनकागदाच्या हैतियनांबरोबर जाळीच्या ट्रकने सीमेपार नेलं," ती म्हणाली. "सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"कुणी पाहिलं?"

एनेरियाला आठवलं. मंगळवारी संध्याकाळी कुणीतरी विचारलं होतं, मुसिए दिसत नाही? आणि तिनेच सांगितलं होतं, नेला असेल ट्रकने. तिने पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. गावात कुलूप तुटलं की हैतियनाने तोडलं, आणि हैतियन दिसेनासा झाला की ट्रकने नेला. प्रश्न पडायच्या आधीच उत्तर तयार असलं की शोधायला कोण जातो?

"ग्वानालची माणसं हाकलताहेत कळलं, म्हणून मी सीमेवरच्या पुलावर आले," बाई सांगू लागली. तिचं नाव जेसुला. "ट्रक रिकामे होताना एकेकाचं तोंड पाहिलं. ग्वानालचे अकरा उतरले. बुधवारी थांबले, काल थांबले. आज बाजार म्हणून मला इकडे सोडलं. चार वाजता फाटक बंद होतं. बाई, जिवंत असेल तर जिवंत द्या, मेला असेल तर मेलेला द्या. घरी तीन लेकरं आहेत. त्यांना काय सांगू? बाप हवेत विरला?"

"आत ये," एनेरिया म्हणाली.

स्वयंपाकघरात बसवून तिने रांजणातून पाणी काढलं, चांगल्या कपात कॉफी दिली. रांजण लहानसा होता. नवरा वारला त्या दिवशी रिवाजाप्रमाणे घरातलं सगळं पाणी ओतून टाकताना मोठा रांजण हातातून निसटून फुटला, तेव्हापासून ती यावरच भागवत होती. यंदा पाचवा महिना पावसाचा थेंब नव्हता. टँकर फक्त सोमवारी यायचा.

मग ती ओट्याच्या त्या कोपऱ्यात गेली जिथे फोनला रेंज मिळते, आणि तिने सीमेवरच्या लष्करी अधिकाऱ्याला, तेनिएन्तेला, फोन लावला.

"तेनिएन्ते बोसिओ, मंगळवारची यादी काढा जरा."

"काय हरवलं, अल्काल्देसा?"

"माणूस."

"हैतियन?"

"मी माणूस म्हणाले."

पलीकडे कागद सळसळले. "ग्वानालमधून अकरा. नावं वाचू?"

"मेरिलुस आहे?"

"नाही. डोंगरात पळाला असेल. पळतात ते."

"लुदोविनाच्या शेतावर शोधलंत?"

"शोधायचं काय? आम्हाला फोनच त्यांनी केलेला. हे माझ्याकडून कळलं म्हणू नका हं. पहिला ट्रक भरला, दुसऱ्याची वाट बघत दोन-अडीच तास त्यांच्याच ओट्यावर बसलो. ऊन नुसतं भाजत होतं. कॉफी मात्र फक्कड, तीनदा झाली. फक्त त्यांची शेळी काही धड बोलू देईना. कोठीत कोंडली होती, सारख्या पत्र्याला धडका. नंतर दमून गप्प बसली बिचारी."

"बरं," एनेरिया म्हणाली आणि फोन ठेवला. लुदोविना गावाची प्रार्थना सांगणारी बाई. मयताच्या नऊ दिवसांच्या जपाला तिच्याशिवाय पान हलत नसे. सगळ्या हैतियनांना हाकला म्हणून मागच्याच महिन्यात तिने घरोघर सह्या गोळा केल्या होत्या. फोनही तिनेच केला असेल, तर त्यात नवल काही नव्हतं.

नवल एकच होतं. मग तिचा स्वतःचा मुसिए कुठे होता?

वाट टेकडीखालून जात होती. टेकडीवर तीन क्रूस आणि त्यांच्या पायथ्याशी दगडांचा मोठा ढीग. पाऊस लांबला की गाव नदीतून एकेक दगड डोक्यावर घेऊन तिथे जातं, गात गात. हे व्हायचं शुक्रवारी. या खेपेला लुदोविनाने बुधवारीच बोलावणं धाडलं. एकेक नाही, तीन-तीन दगड आणा म्हणाली. दुष्काळ मोठा, तर प्रायश्चित्तही मोठं. एनेरियाने अधू गुडघ्यांनी तिन्ही वाहून नेले. त्यातल्या एकावर पांढरी रेघ होती. लुदोविना मात्र रस्त्यावरच उभी राहून गात होती. पाय मुरगळलाय म्हणाली.

टेकडीवर गिधाडं घिरट्या घालत होती. दुष्काळात गुरं मरतात आणि गिधाडं येतात. मान वर करून कोण बघतं?

लुदोविनाच्या अंगणात शेळ्यांचं आवार रिकामं होतं, दोरखंडांना धूळ बसलेली. तिचा मुलगा नेल्सोन पायरीवर कोयत्याला धार लावत होता. छत्तीस वर्षांचा आडदांड गडी. त्याच्या बाप्तिस्म्याला एनेरियाने त्याला हातांवर घेतलं होतं. ती त्याची माद्रिना, धर्माची आई, आणि त्या नात्याने लुदोविनाची कोमाद्रे. भेटल्याबरोबर माद्रिनाचा आशीर्वाद मागायचा, ही तिथली रीत. नेल्सोन तर नशेतही ती चुकवत नसे.

"कसा आहेस, पोरा?"

"बरा आहे," तो म्हणाला, कोयत्यावरून नजर न काढता. बस, तेवढंच.

आत रेडिओवर जप चालला होता, कान किटतील इतका मोठ्याने. लुदोविना बाहेर आली. बुटकी, नीटनेटकी, गळ्यात तीन माळा. पाय मुळीच लंगडत नव्हता.

"ये कोमाद्रे, ये. या उन्हात कशी?"

"एक बाई आलीय पलीकडून. मुसिएची बायको. तो पोचला नाही म्हणते."

"त्यांचं काय खरं? पोचला असेल, दुसऱ्या बाईकडे गेला असेल."

"ट्रकमध्ये चढताना पाहिलंस तू?"

"मी माझा जप करत होते. कोण गेला, कोण राहिला, मी बघत बसते होय?"

"पण तो तुझा माणूस ना? अकरा वर्षांचा."

"माझा वेगळा होता गं. माझा बरा होता. हात लावायच्या आधी विचारणारा. बाकीचे म्हणजे... एक गेला की दहा येतात. जनावरासारखी वीण."

आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ग्वानालमध्ये ज्या घरी हैतियन नको, त्या प्रत्येक घरी एक हैतियन आहे, आणि तो एकटाच बरा आहे.

"घोटभर पाणी दे," एनेरिया म्हणाली.

"पाणी नाही बाई. कॉफी देते. त्यासाठी शेजारून घागर आणलीय."

"सोमवारी तर टँकर आला. तीन पिंपं भरलीस ना?"

"संपलं. उन्हाळा आहे."

ओट्यावरचा मोठा रांजण उपडा होता. पिंपंही उपडी, तिन्ही. एनेरियाने काही विचारलं नाही. संडासला जायचं म्हणून ती मागच्या बाजूला गेली.

मागे जमीन तडकून गेलेली, टाचेएवढ्या भेगा. पण स्वयंपाकघराच्या दारापुढे खाटेएवढ्या जागेत बारीक हिरवे कोंब उगवले होते, घोळीच्या भाजीचे. तीन दिवसांचे असावेत. तीन माणसांना आठवडाभर पुरेल इतकं पाणी इथे एकदम सांडलं होतं.

तिथेच राजम्याची कोठी. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, खिडकी नाही, बाहेरून कडी. दाराच्या फटींवर खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. कडधान्याला लागणाऱ्या पोरकिड्यासाठी विषारी वायूच्या गोळ्या ठेवल्या की असंच दार बंद करतात. पण या पट्ट्या फाडून त्यांवर पुन्हा दुसऱ्या लावल्या होत्या. आतून त्या गोळ्यांचा लसणासारखा वास येत होता. एनेरियाने पत्र्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. अकराही वाजले नव्हते.

ती ओट्यावर परतली. कॉफी आली. त्याच वेळी मागे कोठीचा पत्रा उन्हाने ताणला आणि वाजला. टक. टक टक.

लुदोविनाच्या हातातला कप खाली पडला.

"पत्रा तापलाय," एनेरिया म्हणाली.

"ठाऊक आहे मला!" लुदोविना ओरडली, आणि आत जाऊन तिने रेडिओ आणखी मोठा केला. पायरीवर नेल्सोनने दोन्ही कान तळव्यांनी दाबून धरले होते. एनेरियाने ते पाहिलं. ती कॉफी न पिताच उठली.

दुपारी एक वाजता ती परत आली. सोबत जेसुला होती आणि वाटेत हाकारून गोळा केलेले सात-आठ शेजारी. तेनिएन्ते बोसिओलाही तिने बोलावलं होतं. तो ओट्याच्या त्याच खुर्चीत बसला, जिथे मंगळवारी बसला होता.

जेसुलाला पाहून लुदोविनाने क्रूसाची खूण केली.

"कोमाद्रे," एनेरिया म्हणाली, "एकच विचारते. तुझ्याकडे शेळी आहे?"

"जानेवारीत विकल्या सगळ्या. तूच तर गिऱ्हाईक आणलंस."

"मग मंगळवारी कोठीत धडका कोण देत होतं?"

कुणीतरी आत जाऊन रेडिओ बंद केला. बोसिओ खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

"मी सांगते," एनेरिया म्हणाली. "चुकलं तर थांबव. ट्रक तूच बोलावलास. गाव साफ व्हावं ही तुझी इच्छा. पण मुसिए गेला असता तर राजमा कुणी काढला असता? बाकीचे जाऊ देत, माझा राहू दे. म्हणून तूच त्याला कोठीत लपवलंस. त्याच सकाळी तिथे गोळ्या ठेवल्या होत्यास. थोडा वेळ तर आहे, काय होतंय, असं वाटलं असेल. बाहेरून कडी लावलीस. आणि मग हे लोक कॉफीला बसले."

"त्याचा जीव घ्यायचा माझा विचार..." लुदोविना म्हणाली आणि थांबली.

"तो ठोकत राहिला. यांनी विचारलं काय आहे. तू म्हणालीस, शेळी. तीनदा कॉफी झाली. कोठी इथून पंधरा पावलांवर. रात्री तुम्ही मायलेकरांनी त्याला टेकडीवर नेलं, क्रूसापाशी उथळ खड्डा केला. पण उकरलेली माती दिसते. म्हणून दुसऱ्याच दिवशी सगळं गाव जमवलंस, तीन-तीन दगड घेऊन. स्वतः एकही ठेवला नाहीस. जवळ जायची हिंमत झाली नाही तुझी."

शेजाऱ्यांपैकी एका म्हाताऱ्याने आपल्या तळहातांकडे पाहिलं. त्यानेही तीन ठेवले होते.

"हे तू कशावरून म्हणतेस?" लुदोविनाचा आवाज बारीक झाला होता. "शेळीवरून? शेजाऱ्याची असेल. पट्ट्यांवरून? माझी कोठी, मी शंभरदा उघडीन."

"शेळीवरून नाही. पट्ट्यांवरूनही नाही. माझ्या धर्माच्या लेकराने आज मला आशीर्वाद मागितला नाही, तेव्हा मला कळलं की या घरात काहीतरी झालंय. पण काय झालंय, ते मला तुझ्या रांजणाने सांगितलं."

लुदोविनाने उपड्या रांजणाकडे पाहिलं. ओट्यावर सगळ्यांनीच पाहिलं. आणि एकेकाचा चेहरा उतरत गेला, कारण तिथे प्रत्येकाने कधी ना कधी आपल्या घरचा रांजण असा उपडा केला होता.

"पाच महिने पाऊस नाही," एनेरिया म्हणाली. "लोक भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालतात. आणि तू तीन पिंपं आणि रांजण मागच्या दारी ओतलंस. असं पाणी आपण कधी ओततो, लुदोविना? तुझ्या आईच्या वेळी ओतलंस. मी नवऱ्याच्या वेळी ओतलं. छपराखाली कुणी गेलं की जाता जाता आत्मा घरच्या पाण्यात अंघोळ करतो, मग ते पाणी कुणी प्यायचं नाही. ही रीत माणसासाठी आहे. शेळी मेली तर कुणी पाणी ओतत नाही."

लुदोविनाची बोटं गळ्यातल्या माळा चाचपू लागली.

"जनावरासारखे म्हणतेस त्यांना. पण तुला पक्कं ठाऊक होतं. साऱ्या गावात तू एकटीनेच त्याला माणूस मानलंस, आणि तेही मेल्यावर."

पायरीवरून नेल्सोन हुंदका देत उठला. "मी उघडायला निघालो होतो, माद्रिना. आईने दंड धरला. म्हणाली, आत्ता उघडलंस तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी छत्तीस वर्षांचा घोडा, आणि मी थांबलो. तो ठोकायचा थांबला तेव्हा मला बरं वाटलं. बरं वाटलं, माद्रिना! आता रोज ऐकू येतं."

"पाच मिनिटं म्हणाले होते मी त्याला," लुदोविना पुटपुटली. माळा तिच्या बोटांत गुंतल्या होत्या. "हसला तो. बरं दोन्या, म्हणाला. पाच मिनिटंच. पण हे उठेचनात. तो थांबला तेव्हा वाटलं, शहाणा आहे, समजला. माझ्याच कोठीतून हैतियन निघाला असता तर? सह्या मी घेतल्या होत्या गं."

जेसुला एवढा वेळ दाराशी उभी होती. तिला सगळं समजलं होतं. ती लुदोविनाकडे न बघता पुढे आली. एनेरियाला म्हणाली, "चला."

टेकडीवर दगड काढायला कुणाला सांगावं लागलं नाही. ज्यांनी ठेवले होते तेच काढू लागले, गाणं नाही, बोलणं नाही. एनेरियाच्या हाताला पांढऱ्या रेघेचा दगड लागला. हा ठेवताना ती म्हणाली होती, देवा, आमच्यावर दया कर. तिने तो बाजूला ठेवला आणि तिला रडू फुटलं.

तो सापडला. टोपी छातीवर ठेवलेली होती. ती नेल्सोनने ठेवली असणार. त्याला वर घेतल्यावर खाली आणखी दगड होते, जुने, शेवाळाने काळे पडलेले, खोलवर गेलेले. आजीआजोबांच्या वेळचे, सीमेवरचे हैतियन कापून काढले त्या काळचे. ते तिथे कशावर पडले, हे ग्वानालमध्ये कुणी विचारत नाही. त्या दिवशीही कुणी विचारलं नाही. पण म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

बोसिओने वही काढली. "पूर्ण नाव?"

कुणाला सांगता येईना. जेसुला म्हणाली, "मेरिलुस दोर्सें. वय एकेचाळीस."

"पुन्हा सांग," एनेरिया म्हणाली, "सगळ्यांना ऐकू जाईल असं." जेसुलाने पुन्हा सांगितलं.

सरकारी डॉक्टर येईपर्यंत आता हात लावू नका, असा हुकूम झाला. जेसुलाने त्याचं तोंड धुवायला पाणी मागितलं. बोसिओने काही क्षण तिच्याकडे पाहिलं, मग पाठ फिरवून उभा राहिला. एनेरियाने घरून बादली आणली. जेसुलाने नवऱ्याच्या कपाळावरची माती पुसली, कानामागची पुसली, बोटांची फुटलेली नखं एकेक करून धुतली.

चार वाजून गेले. पुलावरचं फाटक बंद झालं असणार. कागदाविना बाई गावात राहणार, आणि जाळीचा ट्रक पुढच्या मंगळवारीही येणार.

"ती माझ्याकडे राहील," एनेरिया बोसिओला म्हणाली. "न्यायला आलात तर सांगून ठेवते, माझ्या ओट्यावर कॉफी मिळत नाही."

मायलेकरांना जीपकडे नेलं. लुदोविनाने कुणाकडे पाहिलं नाही. नेल्सोन मात्र एनेरियासमोर येऊन थांबला आणि त्याने मान खाली घातली.

"आशीर्वाद, माद्रिना."

मागितलेला आशीर्वाद नाकारता येत नाही. एनेरियाने त्याच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं. मग म्हणाली, "देव तुझं भलं करो," आणि त्याच्या डोक्यावर हात न ठेवताच बाजूला झाली.

ऊन कलताना ती घरी आली. जेसुला अंगणातल्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर उघडे टाकून. टँकर यायला अजून तीन दिवस होते. एनेरियाने रांजण दोन्ही हातांनी उचलला, दाराबाहेर आणला आणि उपडा केला. पाणी धुळीत पसरलं आणि क्षणात जिरलं.

"हे का, बाई?" जेसुलाने विचारलं. "तो तुमच्या घरात मेला नाही."

"गावात मेला," एनेरिया म्हणाली.

समोरच्या घरातला म्हातारा हे बघत उभा होता. तो आत गेला आणि आपली घागर घेऊन बाहेर आला. मग पलीकडे कुणीतरी. ग्वानालमध्ये तीस घरं आहेत. त्या संध्याकाळी चार दारांपुढे जमीन ओली झाली. बाकीची दारं बंदच राहिली.